मेंढरांनी तुडवलेली तळी

जतच्या पूर्वेकडं माळावर तळं कुणी खणलं हे लोक विसरतात, पण तुडवलं कुणी हे विसरत नाहीत. आकारामनं तुडवलं. पाणी आटून चिखल राहिला की तळ्याचे मालक त्याला बोलावणं धाडत. चिखलात काळी चिकणमाती आणि शेण पसरायचं आणि त्यावर त्याची दीडशे मेंढरं आठ दिवस फिरवायची. खुरांनी तळ असा दाबून बसायचा की पाणी झिरपायचं नाव नाही. मेंढरू काही आपल्या मर्जीनं चिखलात उतरत नाही. पण काठावरून "हिर्रऽ या, या!" अशी आकारामची हाक आली की डोळे मिटून उतरायची. कोकरू असल्यापासून त्यानं तशी सवयच लावलेली. अशा तळ्यात मासे पोसायचे, पाणी उतरेल तसा गाळावर हरभरा यायचा. माणसाला आणखी काय पाहिजे?

पाहिजे होता कागद! आकारामचा थोरला मुलगा गुंडा यानं डाळिंबासाठी शेततळं काढलं आणि त्यात प्लास्टिकचा काळा कागद अंथरला.

"ह्याच्यावर खूर ठरत न्हाई रं. जनावर आत गेलं तर वर यील कसं?" आकाराम म्हणाला.

"कुंपण घालतो की, आबा."

पालथ्या घड्यावर पाणी. कुंपण राहिलं ते राहिलंच.

एप्रिलातल्या एका दुपारी आकाराम मेंढरं घेऊन तिथून चालला होता. तहानलेली पुढची मेंढी पाण्याकडं धावली आणि कागदावरून सरळ आत घसरली. बाकीच्यांना हाकलायला आकाराम जीव तोडून ओरडला, पण तोंडातून निघाली जन्मभराची हाक, "हिर्रऽ या, या!" सगळा कळप उतरला. वर चढू बघणारं मेंढरू खालच्यावर कोसळत होतं. डोक्याचा पटका सोडून, टाकून, ओढून त्यानं नऊ काढली. उरलेली त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली.

"माजी चूक, आबा. कुंपण घालाय पायजे हुतं," म्हणत गुंडा ढसाढसा रडला. आकारामनं आपल्या हाकेचं नाव काढलं नाही. ते ऐकून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

महिन्याभरानं गुंडानं कागद फाडून काढला. तळाला चिकणमाती घातली, टँकरच्या पाण्यानं चिखल केला आणि नऊ मेंढरं काठाला आणली.

"मारा हाक, आबा."

आकारामचं तोंड उघडेना. मग एकदम तो म्हणाला, "माज्याच हाकंवर गेली रं ती. कुंपणाचं काय घिऊन बसलाईस? मीच बोलावलं त्यास्नी."

गुंडानं पायताण काढलं. मग तो एकटाच चिखलात उतरला. दीडशे मेंढरांचं काम दोन पायांनी होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.