वाटून घेतलेले उपास

माझं पहिलं मूल चार महिन्यांचं होऊन गेलं, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. देवास गाव एकच, पण त्यात राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझे यजमान तिथे थोरल्या पातीच्या कचेरीत जमिनीचे नकाशे काढायचं काम करीत. घरात ते, सासूबाई आणि मी, एवढेच. मूल गेल्यावर समाचाराला आलेल्या प्रत्येक बाईनं मला एकेक व्रत सांगितलं. एकीनं सोमवार, दुसरीनं शनिवार, कुणी प्रदोष, कुणी चतुर्थी. एकादशी तर होतीच. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झालं की कालची भाकरी आणि ताक घेऊन चुलीपाशी बसायची. ताजी पोळी आपल्या पानात घेणं मला चोरीसारखं वाटे.

वर्षभरात माझी नखं पांढरी पडली. एका सकाळी दूध घ्यायला दारात गेले आणि तिथेच कोसळले. "अरे, लाड़ी के काई हुई ग्यो!" सूनबाईला काहीतरी झालं, असं दूधवाली तिच्या माळवीत ओरडली, एवढंच आठवतं.

वैद्यबुवा रस्त्यापलीकडे, म्हणजे धाकट्या पातीच्या राज्यात राहत. यजमान त्यांना घेऊन आले. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि पांडुरोग सांगितला. पुड्या दिल्या, पण उठताना म्हणाले, "औषध निमित्ताला. या मुलीच्या पोटात अन्नच नाही. दूध, पालेभाजी, खजूर द्या, आणि दोन्ही वेळा ताजं जेवण."

यजमानांनी खजूर आणला. मी तो देवापुढे ठेवला आणि प्रसाद म्हणून वाटून टाकला. माझ्या वाटणीच्या दुधाला विरजण लावून त्यांच्याच पानात दही वाढलं. आठ दिवसांत त्यांच्या ध्यानात आलं. एरवी दिवसा आम्ही एकमेकांशी बोलत नसू, पण त्या सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या.

"वैद्यबुवांनी दूध कोणाला सांगितलंय?"

"इकडून उन्हातान्हात हिंडणं होतं. मी काय, घरातच असते."

"आणि हे उपास?"

"सोडले आणि पुन्हा तसंच झालं तर?"

ते रागावले नाहीत. अंगरख्याचे बंद बांधले आणि कचेरीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पानावर बसल्यावर ते म्हणाले, "आई, कालची भाकरी उरली असेल. ती मला वाढायला सांग."

सासूबाई चपापल्या. "शिळं? तुला? या ताज्या पोळ्या कुणासाठी केल्यात?"

"त्या तिला होतील. घरात शिळं कुणी तरी खायचंच असेल, तर धडधाकट माणसानं खावं."

मी भाकरी वाढली. त्यांनी ती कडक भाकरी ताकात कुस्करून शांतपणे खाल्ली. असे नऊ दिवस गेले. सासूबाईंना वाटलं, फूस माझीच. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दहाव्या दिवशी स्वयंपाकघरात गेले तर त्या स्वतः पीठ मोजत बसलेल्या.

"आजपासून मी देईन तेवढंच मळायचं. शिळं उरता कामा नये. आणि तू माझ्याबरोबर जेवायला बस. माझा लेक शिळं खातोय, हे मला बघवत नाही."

शब्द कडवट होते. पण त्या दुपारी त्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या भातावर तुपाची धार धरली.

उपास मात्र मी सोडीना. एकदा देवीच्या दर्शनाला टेकडीवर निघालो होतो. सासूबाई पुढे गेल्या. मला धाप लागली म्हणून मी पायरीवर टेकले, तर हे दोन पायऱ्या खाली बसले.

"व्रत मोडू नकोस. पाचांतले दोन तुझ्याकडे ठेव. तीन मला दे."

"उपास असे कुणाला देता येतात का?"

"मूल दोघांचं होतं. मग उपास एकटीनंच का करायचे?"

मूल गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. पुरुषांना विसरता येतं, असं मी धरून चालले होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या पायरीवरच मला रडू कोसळलं. तेही डोळे पुसत होते.

सोमवार आणि एकादशी मी ठेवली, तीही दूध, रताळी घेऊन. शनिवार, प्रदोष आणि चतुर्थी त्यांनी घेतली. मुळात त्यांना भूक मुळीच सोसत नसे. कचेरीतले लोक म्हणू लागले, हा एवढ्या तरुणपणी कसा काय देवभोळा झाला? त्यांनी कुणाला खरं कारण सांगितलं नाही. मी वैद्यबुवांचा खजूर आता खरोखर खाऊ लागले. सहा महिन्यांत घागर उचलून विहिरीवरून न थांबता घरी येऊ लागले.

दीड वर्षानं मुलगी झाली, चांगली दणकट. सासूबाई म्हणत, हे उपासांचं फळ. वैद्यबुवा म्हणत, दुधाचं. दोघांचा हा वाद वर्षानुवर्षं चालला. मला कुणी विचारलंच, तर शनिवारी दुपारी भुकेनं चिडचिडलेल्या, तरीही पाण्याचा तांब्या घेऊन मुकाट्यानं बसलेल्या त्या माणसाकडे मी बघे.