हैदराबादचे शेठ "येतो" म्हणाले

मंडळी, मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

महिन्यापूर्वी आमचे हे गेले. तेव्हापासून हुपरीतला आमचा पैंजणांचा कारखाना बंद आहे. घुंगरू जोडणाऱ्या हसीनाचाची रोज विचारतात, "वहिनी, काम चालू हुणार न्हवं?"

आज हैदराबादचे शेठ भेटायला आले. आमचा माल तेच नेतात. पूर्वी बसने येऊन थकून जायचे. आज सकाळी विमानाने आले आणि संध्याकाळी परत निघाले.

जाताना म्हणाले, "येतो, वहिनी."

दुखवट्याच्या घरातून निघताना असं म्हणत नाहीत. चाची ओरडल्याच, "शेठ, येतो काय म्हणताय? दुखवट्याला आलाय न्हवं!"

"दुखवट्याला सकाळी आलो होतो, चाची. आता धंद्याचं बोलतोय. विमान झालंय, पुढच्या महिन्यात पैंजण न्यायला येतो."

"मग या की!" चाचींनी डोळे पुसले.

उजळाईवाडीचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरचा विमानतळ मोठ्या लोकांसाठी आहे, असं मला वाटायचं. उद्या त्याच्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायका पुन्हा कामाला बसतील.

तुमच्या दारी या विमानतळाने कोणाला आणून सोडलं?