खंडेनवमीनंतरचे तीन दिवस

वासू पौनीकर गेल्याचं मला त्याच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी कळलं. कार्ड आलं होतं, पण जुन्या बिऱ्हाडाच्या पत्त्यावर. तिथल्या घरमालकाने ते सवडीने पाठवलं. उमरेडहून त्याच्या धाकट्या भावाने लिहिलेल्या तीन ओळी. कावीळ झाली, उतरली नाही, गेला. वय चौतीस. कार्ड खिशात ठेवून मी ऑफिसला गेलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. दोन वर्षांत मी त्याला एक पत्र टाकलं नव्हतं. का टाकलं नव्हतं ते मला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं का, हा विचार मात्र मी दोन वर्षं टाळत आलो होतो...

आम्ही दोघं नागपुरातल्या एका लहानशा संगणक केंद्रात कामाला होतो. वासू प्रोग्राम लिहायचा, मी मशीन सांभाळायचो. तो उमरेडच्या कोष्ट्याचा मुलगा, वडिलांच्या मागावर बसता बसता शिकलेला, घरातला पहिलाच नोकरदार. एक वर्षाच्या बोलीवर लागला होता आणि दसऱ्यानंतर कायम व्हायचा होता. कायम झाला की सुमनवहिनींना आणि मुलीला इकडे आणायचं म्हणून महाल भागात त्याने एक खोली बघून ठेवली होती. मला दोनदा दाखवायला नेलं. मोरीला खिडकी आहे, याचंच त्याला कौतुक. कामात कुठे अडलं की तो म्हणायचा, "बाबा म्हणते, कापडात खोट दिसली का आधी माग पाहा, मंग हात." मी त्याला चिडवायचो, "इथं माग नाही बे, मशीन आहे." तो हसायचा. इतक्या वेळा तेच ऐकूनही हसायचा.

त्या वर्षी गणपतीत मशीनला नवी डिस्क आली. इथे थोडं समजावून सांगायला हवं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर असतो. सगळ्या प्रोग्रामांना लागणारे सामाईक तुकडे एका ठरलेल्या जागी ठेवलेले असतात, ते तो तिथून उचलतो. या तुकड्यांची सुधारलेली प्रत मी नव्या डिस्कवर ठेवली आणि ती डिस्क त्याच जागी जोडली. जुनी प्रत तिच्याखाली झाकली गेली, सतरंजीवर चादर टाकावी तशी. मशीन सुरू होताना काय काय जोडायचं, याची एक यादी मशीनमध्येच असते. तिच्यात या डिस्कची एक ओळ लिहायला हवी होती. मी म्हटलं, उद्या लिहू. मशीन बंद होतंय कधी?

ते बंद व्हायचं खंडेनवमीला. आमच्या साहेबांचा नेमच होता, चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही. मशीन बंद करून झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पेढे वाटले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते सुरू केलं. यादीत ती ओळ नव्हतीच, त्यामुळे डिस्क जोडायची राहिली आणि जुनी प्रत उघडी पडली. लकडगंजातल्या एका व्यापाऱ्यासाठी वासू लाकडाच्या साठ्याचा प्रोग्राम लिहीत होता. अष्टमीला तो कंपायलरमधून बिनतक्रार उतरला होता. त्यात त्याने एक छोटा भाग नवा घातला, तर त्या सकाळी शंभरावर चुका. छापलेला लांबलचक कागद हातात घेऊन तो माझ्याकडे आला.

"प्रभाकर, मशीन सुरू करताना काही सुटलं तं नाही ना गा?"

"मशीन ठीक आहे बे. तुझंच काहीतरी चुकून राहिलं."

मी उठून पाहिलंही नाही. खोटं बोलत होतो असंही नाही, मला खरंच तसं वाटत होतं. माझ्या हातून चुकेल हे मनात येण्याइतका मी शहाणा नव्हतो. आणि त्याने विश्वास ठेवला. वडिलांचं म्हणणं बाजूला सारून माझं धरलं. तीन दिवस तो आपल्या बरोबर ओळी एकेक करून चुकीच्या करत बसला, जुन्या तुकड्यांना जमतील अशा. शंभराच्या साठ झाल्या, साठाच्या वीस. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डिस्कवर जागा किती उरली ते बघायला गेलो, तर डिस्क जोडलेलीच नाही. कोणाला न सांगता मी ती जोडली आणि यादीत ओळ लिहिली. वाटलं, आता याचा प्रोग्राम चालेल आणि विषय मिटेल. पण त्याचा प्रोग्राम तोवर जुन्याला जुळवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आपल्या मुलाला घेऊन बघायला आला, आणि पुन्हा शंभर चुका, वेगळ्याच. व्यापारी चहा पिऊन निघून गेला.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "पौनीकर, वर्षभर काय शिकलात?" वासू खाली बघत उभा. मग त्यांनी मला विचारलं, "प्रभाकर, मशीनमध्ये काही बिघाड?" मी म्हटलं, "नाही साहेब." हे मात्र खोटं होतं, आणि बोलताना मला ते माहीत होतं. मी घाबरलो होतो. दुसरं काहीही कारण नाही. त्याला कायम केलं नाही. जाताना त्याने त्या तीन-चार दिवसांचे सगळे कागद बांधून घेतले. "घरी कामी येते," एवढंच म्हणाला. महालातली खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली असेल.

कार्ड मिळाल्यावर आलेल्या रविवारी मी उमरेडला गेलो. सुमनवहिनींनी पाणी दिलं, मला ओळखलं. वासू परत मागावरच बसला होता. मागावर त्याचं अर्धं लुगडं अजून तसंच होतं. विणलेलं कापड गुंडाळताना मळू नये म्हणून त्यात कागद घातलेला, आमच्याच प्रिंटरचा, कडेला भोकं असलेला. उरलेला गठ्ठा कोनाड्यात होता. मी तो काढला. पहिल्या दिवशीच्या कागदावर समासात त्याचं अक्षर होतं: "मशीन बंद-चालू. नवी डिस्क? प्रभाकर नाही म्हणतो." आणि शेवटच्या सकाळच्या, व्यापारी आला त्या दिवशीच्या कागदावर फक्त एवढंच: "आज डिस्क आहे."

म्हणजे साहेबांसमोर खाली बघत उभा होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर नोकरी वाचली असती. त्याने ते वाक्य माझ्यासाठी ठेवलं, आणि मी "नाही साहेब" म्हणालो.

वहिनी दारात उभ्या होत्या. "मागच्या दसऱ्याले तुम्ही सोनं द्याले येसान म्हणून ते दिवसभर घरीच होते भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, काहून वाट पाहता? तं म्हणे, प्रभाकर येईन. त्याच्या पोटात काही राहत नाही."

मी त्यांना सगळं सांगितलं. वहिनी मुलीला हाक मारून आत घेऊन गेल्या... मी गठ्ठा परत कोनाड्यात ठेवला आणि बस धरली. इथे लिहितोय तेही आता, ज्याला सांगायचं तो नसताना. साहेब हे वाचतील, वाचू देत. त्यांच्या वाचण्याने आता कोणी कायम होत नाही.

परवा खंडेनवमी झाली. मशीन बंद केलं, माळ घातली, नारळ फोडला. दसऱ्यानंतर मी ते सुरू केलं, आणि डिस्क जोडल्याची ओळ पडद्यावर आपोआप उमटली. त्या तिसऱ्या दुपारी लिहिल्यापासून ती एकदाही चुकलेली नाही. मी तरी खुर्चीतून उठलो, मागे जाऊन तारा पाहिल्या, डिस्क पाहिली, यादी पुन्हा वाचली. मग वासूच्या टेबलाकडे बघत उभा राहिलो. काही सुटलं तं नाही ना गा, असं तिथून कोणी विचारलं नाही.