मेली तं सांगीन तुमाले

काही सांगायचं झालं की ती मास्क हनुवटीखाली ओढायची, दोन्ही बाजूंना पाहून घ्यायची आणि म्हणायची, "मले पक्कं मालूम हाय." त्या काळात तुमच्याही गल्लीत असं कोणीतरी होतंच. आमच्याकडे ती होती.

परतवाड्याजवळच्या संत्र्याच्या शेडवर मेळघाटातून बाया फळं निवडायला, पेट्या भरायला यायच्या. त्यांची ती मुकादमीण, मी उपकेंद्रातली नर्स. संत्र्याच्या सालीच्या धुरानं कोरोना पळतो, हेही तिला पक्कं माहीत. एका सकाळी तिनं सगळी टोळी धुरात उभी केली. साऱ्याजणी खोकत बाहेर आल्या आणि साथ आली समजून शेडमालक मोटारसायकल तिथंच टाकून शेतातून पळाला. पुढे ही गोष्ट तीच सगळ्यांना रंगवून सांगायची.

लसीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सुई घेतली की माणूस मरतो, असा व्हिडिओ कोणाच्या तरी मोबाइलवर आला. टोळीत मुकादमिणीची भाची होती, अंगावर पिणारं लेकरू घेऊन आलेली. ती रडायला लागली. आम्ही लसीचा डबा घेऊन पोचलो तेव्हा बाया गाठोडी बांधून काळीपिवळी जीपमध्ये चढत होत्या. ऐन हंगामात काम टाकून जायचं, आणि गावाकडे दवाखानाही जवळ नाही.

मी मुकादमिणीला बाजूला घेतलं. यातलं तुला पक्कं काय माहीत आहे, असं विचारलं. सवयीनं तिनं मास्क खाली ओढला, परत वर केला. मग म्हणाली, "बाई, हे मले मालूम नाई."

जीपपाशी जाऊन तिनं सगळ्यांना खाली उतरवलं आणि बाही वर केली. "पयले मी घेतो. मेली तं सांगीन तुमाले."

संध्याकाळी तिला ताप भरला. असा ताप येतो आणि उतरतो, हे मी समजावून सांगत होते, पण ऐकतं कोण? बाया खाटेभोवती बसल्या. कोणी पाय चेपत होतं, कोणी चहा आणत होतं. भाचीनं गळा काढला तसा गोधडीतून आवाज आला, "रडू नको. अजून मेली नाई. भजे तळ."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी हमालांवर ओरडत होती. सर्वांत आधी भाची पुढे आली, मागोमाग बाकीच्या.

आता ती अकोल्याला लेकीकडे असते. शेडवर नवी मुकादमीण आहे, कामाची आणि अबोल. मला तो हंगाम संपल्याचा दिवस आठवतो. गावाकडे निघालेल्या जीपमध्ये ती ड्रायव्हरशेजारी ऐसपैस बसली, त्याला गाणं लावायला लावलं आणि हात बाहेर काढून दरवाज्याच्या पत्र्यावर ठेका धरला. मागच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. जीप वळणाआड गेली, तरी तो ठेका ऐकू येत होता.