खाटेखालचे चिरे

देवबागला खाडीकाठच्या एका प्लॉटवर मी राखणदार होतो. तिथे फ्लॅट बांधायचे म्हणून सरकारी पाहणीला एक बाई आल्या. चपला हातात घेऊन आधी सगळा चिखल तुडवून आल्या, मग भरतीचं पाणी कुठवर येतं ते मला विचारलं.

बिल्डरचा माणूस हसला. "मॅडम, ह्याका काय इचारतास? हो घाटावरसून इलेलो, सातवी नापास."

"पण झोपता हयच मा?" बाई म्हणाल्या.

नोकरी जाईल याची भीती होती. तरी खोपीत नेऊन चार चिऱ्यांवर चढवलेली माझी खाट दाखवली. उधाणाला पाणी हिच्या खालून जातं, म्हणालो. त्यांनी चिऱ्यांवरची ओल वितीने मोजली, लिहिलेलं मला वाचून दाखवलं आणि सही मागितली.

पुढे नोकरी गेली, फ्लॅटही झाले नाहीत. बाईंचं नाव मला ठाऊक नाही. पण माझ्या सांगण्याखाली माझी सही त्यांनीच पहिल्यांदा घेतली.