अर्धाच कप

पोट लहान करायच्या ऑपरेशनच्या वॉर्डात डाएटिशियन म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, इथं कसले किस्से? सगळे पातळ रसम पिऊन गप्प पडलेले. पण महिन्यातून एकदा आमचे जुने पेशंट गप्पांना जमतात. एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याला आपलं आठवतं. आता माझ्या डोक्यात जागा उरलेली नाही.

*

ऑपरेशननंतर प्रत्येकाला आम्ही प्लास्टिकचा चिमुकला कप देतो. काहीही प्यायचं ते यातूनच. अर्धाच भरायचा, घोट घोट घ्यायचा, घाई नाही. हे मी इतकं घोकते की नलिनी टीचर माझी नक्कल करून दाखवतात.

टीचर विजयनगरला राहतात. खाणं सुटलं आणि त्यांनी प्रेशर कुकर घ्यायला सुरुवात केली. कपाटात साड्यांच्या जागी कुकर! मी विचारलं, एवढ्यांचं करता काय?

"पाणी घालून गॅसवर ठेवते," त्या म्हणाल्या. "शिट्टी झाली की बरं वाटतं."

कुणीच हसलं नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ती शिट्टी कळली होती.

*

शारदाआत्या माझी सख्खी आत्या, आणि आमची पेशंटही. आमचे पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. पुढे सगळे ऑफिसात गेले आणि ठसे माळ्यावर गेले. ऑपरेशननंतर जेवायची वेळ झाली की आत्याचे हात शिवशिवायचे. एक दिवस तिनं ते लाकडी ठसे खाली काढले आणि छापतच सुटली. पडदे, अभ्रे, नवऱ्याचे, म्हणजे अप्पांचे, पंचेसुद्धा. अप्पा आंघोळ करून बाहेर आले ते कमरेभोवती मोरांची रांग घेऊनच!

"बारीक झाली ना? मग आणखी काय हवं तिला?" अप्पा माझ्यावर डाफरले. "मन घट्ट करायला सांग."

आमच्या घरातल्या मोठ्यांकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध आहे. मी म्हटलं, "उद्यापासून कॉफी सोडून दाखवा, अप्पा. तुमचं मन आहेच की घट्ट."

अप्पा मोर सावरत आत गेले.

रंगाला वाट्या पुरेनात, म्हणून आत्यानं ग्रुपमधल्या सगळ्यांकडून ते जुने कप मागून घेतले. एकट्या रघुकाकांनी दिला नाही.

*

रघुकाका बोगादीचे, बँकेतून रिटायर झालेले, आमचे सर्वांत शिस्तशीर पेशंट. जन्मात दारूला न शिवलेले. ऑपरेशननंतर ती झपाट्यानं चढते, हे आम्ही सगळ्यांना बजावतो. तरी एका लग्नात कुणीतरी आग्रह केला, आणि ती काकांना नुसती चढली नाही, आवडलीसुद्धा.

ही बातमी काकूंनीच ग्रुपमध्ये फोडली, काका शेजारी बसलेले असताना. नातीला शाळेतून आणताना काका स्कूटरवरून पडले होते. पोरीचं खरचटण्यावर निभावलं. पण काकांच्या मुलीनं त्या दिवसापासून तिला आजोबांकडे पाठवणं बंद केलं.

मी तडकले. "काका, मी काय शिकवलं होतं?"

"अर्धा कप, घोट घोट, घाई नाही," काका शांतपणे म्हणाले. "तसंच पितोय गं. त्याच कपातून."

इतक्या शिस्तीत बुडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

*

मग बोलली आत्या. "संध्याकाळी माझ्याकडे या, रघुअण्णा. काही करू नका, सुम्ने, नुसतं बसा."

काका जायला लागले. डॉक्टर, गोळ्या हे काकू सांभाळत होत्या; संध्याकाळ आत्यानं घेतली. ती त्यांच्या हातात ठसा द्यायची. हात थरथरायचे, ओळ वाकडी जायची. आत्या ती तशीच ठेवून पुढचं कापड अंथरायची. मध्ये काका एकदा घसरले, आठवडाभर तोंड दाखवलं नाही, मग पुन्हा आले. कप मात्र कायम शर्टाच्या खिशात. हिसकावून घे, मी आत्याला म्हणायचे.

"तू गप गं," आत्या म्हणायची.

*

गेल्या रविवारी मी आत्याकडे होते. काकांची मुलगी नातीला घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली, पोरीचा हात घट्ट धरून. नातीची नजर वाळत घातलेल्या कापडावर.

"ही वाकडी ओळ कुणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"मलापण काढायचीय."

तिच्या आईनं काकांकडे पाहिलं. मग हात सोडला.

आत्या पोरीसाठी लाल रंग घोटायला बसली. बाकीचे सगळे कप भरलेले होते. काकांनी खिशातला कप काढला आणि तिच्यापुढे धरला. आत्यानं सवयीनं अर्धा भरून हात आवरला.

काकांनी कप मागे घेतला नाही.

"काठोकाठ भर, शारदा."