पेजेतली कात्री

कराचीहून आम्ही दोघी आलो, आई आणि मी. आधी बोट, मग कल्याणची छावणी, मग रोह्यासमोरच्या अष्टमी गावात भाड्याची एक खोली. त्या खोलीला स्वतःचं दार होतं, दाराला कडी होती. आई दिवसातून चारदा ती उगाच लावून बघायची. खोली टिकणार होती ती माझ्या नोकरीवर. पूल ओलांडून रोह्याच्या दवाखान्यात मला आरोग्यसेविका म्हणून घेतलं होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "तीन महिन्यांत एका तरी घरात बाळंतपणाला शिरून दाखवा. नाहीतर दुसरी बाई बघू."

अडीच महिने गेले, मला कुणी दारात उभं करेना. करणार कसं? पायात मोजे, हातात छत्री आणि तोंडात "भगिनींनो, जंतू डोळ्यांना दिसत नाहीत!" आज ती तेव्हाची पोरगी माझ्याच दारात आली, तर मीच तिच्यावर कुत्रं सोडीन.

शेवटी कोलाडच्या वाटेवरच्या एका वाडीत पहिलटकरणीला कळा लागल्याचं कळलं. धावत गेले. सुईण आत बसलेली, नाळ कापायला शेतातला विळा जवळ ठेवलेला. मी थेट स्वयंपाकघरात घुसले. चुलीवर पाणी खदखदत होतं, त्यात दवाखान्याची कात्री सोडली.

ती घरभराची पेज होती.

"बाळंतपनाची कात्री पेजंत?" सासू किंचाळली. "भायेर हो गो! आधी भायेर हो!"

पेज गुरांना गेली, कात्री आणि मी अंगणात. तिथे बसून रडले. बाळासाठी म्हणाल तर नाही, खरं सांगते. आईची कडी डोळ्यांपुढे होती.

न्हाणीच्या चुलीवर बाळंतिणीच्या अंघोळीचा तांब्याचा हंडा होता, जाळ विझत आलेला. काहीतरी करावं म्हणून फुंकायला बसले. जन्मात चूल फुंकलेली नव्हती, राख सगळी माझ्याच तोंडावर. ओल्या लाकडाचा तो धूर आज कुठे मिळत नाही. मिळाला तर तासभर बसेन त्यात.

सुईण गरम पाणी न्यायला बाहेर आली. "काय गो, चूल पेटवतेस का सोताला?"

"आजी, मला शिकवा," मी म्हणाले. अडीच महिन्यांतलं माझं पहिलं शहाणं वाक्य.

तिने चार फुंकरांत जाळ केला. मग विचारलं, "ती कात्री कशाला उकळत व्हतीस?"

"विळ्याची माती नाळेतून बाळाच्या अंगात जाते, आजी. मग धनुर्वात होतो."

तिने एक लाकूड आत सारलं. "माज्या हातची पन गेलीत तशी," हळूच म्हणाली. मग एकदम खेकसली, "मंग हंड्यात टाक ना, येडे! बाळंतिनीचं समदं हितंच तापतं. पेजंत कोन टाकतं?"

मुलगी झाली. कात्री माझी, हात सुईणीचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

"चूल फुंकली."

"आणि कात्री?"

"सुईणीकडे. परत देत नाही म्हणते."

डॉक्टर हसले नाहीत. कपाट उघडून त्यांनी दुसरी कात्री काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "पुढच्या वाडीला ही न्या."